स्पीडवेतले दोन ‘बोनस’: एक रायडरचा, एक संघाचा

पोलंडच्या स्पीडवे लीगचा, म्हणजे मोटरसायकलींच्या सांघिक शर्यतींचा, निकाल पहिल्यांदा वाचताना माणूस एका जागी हमखास अडतो. रायडरच्या नावापुढे ‘९+२’ लिहिलेलं असतं. त्याच बातमीत पुढे येतं की सामना यजमानांनी जिंकला, पण बोनस पाहुण्यांनी नेला. मग यजमानांच्या रायडरपुढचा तो ‘+२’ कसला?

आपल्याला हा घोळ जास्त होतो, कारण आपल्या डोक्यात कबड्डी असते. कबड्डीत चढाईपटूने बोनस रेषा पार केली की गुण थेट संघाच्या फलकावर लागतो. स्पीडवेत रायडरने कमावलेला बोनस संघाच्या फलकावर कधीच लागत नाही. आणि संघाला मिळणारा बोनस कुठल्याच रायडरच्या नावावर जात नाही. नाव एकच असलं तरी दोघांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत चालतात.

आधी खेळ थोडक्यात. ५०० सीसीची, मेथेनॉलवर चालणारी मोटरसायकल, तिला ब्रेक नाही आणि गिअर एकच. मातीचा लंबगोल ट्रॅक. प्रत्येक संघाचे दोन, असे चार रायडर एका शर्यतीत उतरतात आणि डाव्या वळणांच्या चार फेऱ्या मारतात. मिनिटभरात सगळं संपतं. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य. सामन्यात अशा १५ शर्यती, म्हणजे एकूण ९० गुण. ४६ झाले की सामना जिंकला.

आता रायडरचा बोनस. स्वतःच्या जोडीदाराच्या लगेच मागे, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे शर्यत संपवली तर हा बोनस मिळतो. जोडी पहिली-दुसरी आली तर दुसऱ्याला. दुसरी-तिसरी आली तर तिसऱ्याला. पहिला आणि तिसरा आले तर नाही, कारण मधे प्रतिस्पर्धी शिरला. तिसरा-चौथा आले तरी नाही, कारण चौथ्याने कोणालाच मागे टाकलेलं नसतं. स्कोअरकार्डवर अशा गुणाला तारा लावतात. ‘९+२ (१, २*, ३, २*, १)’ याचा अर्थ पाच शर्यतींत ९ गुण, आणि त्यांतल्या दोन वेळा हा रायडर जोडीदाराच्या पाठोपाठ दुसरा आला. संघाच्या खात्यात ९ गेले, ११ नाही.

मग तारा लावायचाच कशाला? याचं उत्तर मला या खेळातल्या सगळ्यांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतं. रायडरला पैसे साधारणपणे गुणांवर मिळतात आणि त्यात बोनसही धरण्याची जुनी रीत आहे. समजा जोडी पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आहे. मागच्याने पुढच्याला ओलांडलं तर त्याला ३ मिळतील. मागेच राहिला तर २ आणि बोनस १, म्हणजे तेही ३. जोडी दुसरी-तिसरी असेल तरी तेच, ओलांडून २ किंवा मागे राहून १ अधिक १. आपल्याच माणसावर कुरघोडी करून हाती काही लागत नाही. त्यामुळे मागचा रायडर मोकळ्या मनाने जोडीदाराची पाठ राखू शकतो. वळणावर योग्य रेषा धरून मागून येणाऱ्याची वाट अडवू शकतो. ब्रेक नसलेल्या गाड्या, मागचं चाक घसरवत घेतलेलं वळण, अशा वेळी आपल्याच दोघांची झटापट झाली तर संघाचे हातात आलेले ५ गुण मातीत जातात. ते टाळण्याची किंमत म्हणजे हा तारा.

बोनस सरासरीतही धरतात. पोलंडमध्ये दर शर्यतीमागची सरासरी काढतात. वरच्या उदाहरणात ११ भागिले ५, म्हणजे २.२. ब्रिटनमध्ये हाच आकडा चारने गुणतात, म्हणून तिथे तो ८.८ दिसतो. दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवून रायडरांची तुलना करणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

पोलिश समालोचक ‘कोम्प्लेत’ म्हणतात तेव्हा रायडरने पाचही शर्यती जिंकून १५ गुण घेतलेले असतात. ‘प्वात्नी कोम्प्लेत’, म्हणजे पैशाच्या हिशेबाने पूर्ण, हे १४+१ किंवा १३+२ सारखं असतं. म्हणजे संध्याकाळभर एकही प्रतिस्पर्धी त्याच्या पुढे गेला नाही, गेला तो फक्त जोडीदार. माझ्या लेखी हे १५ च्या तोडीचंच आहे.

संघाच्या बोनसचा या कशाशीच संबंध नाही. तो हंगामाचा हिशेब आहे. २०२३ ची एक्स्ट्रालीगा, म्हणजे पोलंडची सर्वोच्च स्पीडवे लीग, घ्या. आठ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक गाठ घरी आणि एक बाहेर, म्हणजे साखळीत १४ सामने. विजयाला गुणतक्त्यात २ गुण, बरोबरीला १. आणि दोन्ही सामन्यांचे शर्यतींतले गुण एकत्र करून ज्याची बेरीज जास्त, त्याला आणखी १. एका प्रतिस्पर्ध्याकडून जास्तीत जास्त ५ गुण काढता येतात, सात प्रतिस्पर्ध्यांकडून ३५.

स्पीडवेत घरचा ट्रॅक हे मोठं बळ असतं. त्याचा आकार, वळणांचा कोन, मातीचा ओलावा यजमानांच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यामुळे एक-एक विजय दोघांनी वाटून घेणं नेहमीचंच. तिथे बोनसचा एक गुणच दोघांत फरक करतो. बाहेर ३९-५१ ने हरलेल्या संघाला घरी नुसतं जिंकून भागत नाही. ५१-३९ ने जिंकला तरी बेरीज सारखीच होते. बोनससाठी ५२ लागतात.

समजा तेराव्या शर्यतीनंतर हा संघ घरी ४४-३४ ने पुढे आहे. सामना त्याने जिंकल्यातच जमा आहे. उरलेल्या दोन्ही शर्यती पाहुण्यांनी ५-१ ने घेतल्या तरी ४६-४४ च होणार. पण स्टेडियममधून कोणी उठत नाही. दोन्ही शर्यती ३-३ सुटल्या तर ५०-४० होईल आणि हरलेला पाहुणा बोनस घेऊन घरी जाईल. यजमानांना १२ पैकी ८ गुण हवेत. चौदावी आणि पंधरावी शर्यत अशा दिवशी अख्ख्या सामन्यापेक्षा जास्त ओढ लावते. बातमीतल्या त्या वाक्याचा अर्थ इथे लागतो.

आपण वाचताना गोंधळ केलाय का, हे तपासायची एक सोपी खूण आहे. दोन्ही संघांच्या रायडरांचे गुण जोडून ९० च्या वर गेले, तर तुम्ही तारेही बेरजेत घेतले आहेत. ९० च्या खाली आले तर घाबरू नका. एखाद्या शर्यतीत दोन-तीन रायडर पडले किंवा गाड्या बंद पडल्या की काही गुण कोणालाच मिळत नाहीत.

साखळी संपली की संघाचा बोनसही संपतो. २०२३ मध्ये आठपैकी सहा संघ प्लेऑफला गेले, तर क्रोस्नोचा संघ खालच्या विभागात उतरला. प्लेऑफमधल्या जोड्या घरी-बाहेर अशा दोन सामन्यांच्या बेरजेवरच सुटतात. साखळीत एका गुणाची असलेली ती बेरीज इथे सगळं ठरवते. अंतिम फेरीत मोटर लुब्लिनने स्पार्टा व्रोत्सवाफला हरवून २०२२ पाठोपाठ पुन्हा विजेतेपद घेतलं. पोलंडचा विश्वविजेता रायडर बार्तोश झ्मार्झ्लिक त्याच वर्षी गोझुफचा संघ सोडून लुब्लिनकडे आला होता. रायडरांच्या नावापुढचे तारे मात्र त्या अंतिम सामन्यांतही, शेवटच्या शर्यतीपर्यंत, तसेच लागत होते.