'एम' गाळू नका: टेक्नेटियम-९९ वेगळं, टेक्नेटियम-९९एम वेगळं

बोन स्कॅन करून घरी आलेली व्यक्ती रात्री मोबाइलवर शोधाशोध करते आणि दुसऱ्या दिवशी घाबऱ्याघुबऱ्या विचारते, "इंजेक्शनात टेक्नेटियम-९९ होतं म्हणे. त्याचं अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं आहे. म्हणजे हे आता मरेपर्यंत अंगात किरण सोडत राहणार?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की मोजणं सोडून दिलं. विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. बातम्यांत, माहितीपत्रकांत, कधी कधी अभ्यासाच्या नोट्समध्येसुद्धा आकड्यापुढचा 'एम' सर्रास गाळलेला असतो, आणि त्या एका अक्षरात सगळा जीव आहे.

टेक्नेटियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. इंजेक्शनात देतात ते त्याचं ९९एम हे रूप, म्हणून आधी त्याच्याबद्दल थोडक्यात. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, ६ तास. १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण बाहेर पडतो, तो शरीराच्या आरपार येतो आणि गॅमा कॅमेऱ्याला दिसतो. हाडं, हृदय, मूत्रपिंडं, फुप्फुसं, थायरॉइड: जगभरातल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासण्यांपैकी साधारण ८० टक्के याच्यावर चालतात.

हा 'एम' म्हणजे मेटास्टेबल, वरच्या ऊर्जेत काही काळ अडकून राहिलेलं. मिलिक्युरी या किरणोत्साराच्या एककातला 'मिलि' नव्हे आणि 'मेडिकल' तर नव्हेच. ९९ आणि ९९एम हे 'दोन समस्थानिक' आहेत असंही लिहिलेलं दिसतं, आणि ते मला फार खटकतं. समस्थानिक म्हणायचं तर न्यूट्रॉनांची संख्या वेगळी हवी. इथे दोघांतही ४३ प्रोटॉन आणि ५६ न्यूट्रॉनच आहेत. फरक ऊर्जेचा आहे. असल्या जोडीला न्यूक्लिअर आयसोमर म्हणतात. उत्तेजित केंद्रक एरवी डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी खाली येतं. या केंद्रकाचा स्पिन (केंद्रकाचा एक अंगभूत गुणधर्म) मात्र वरच्या आणि खालच्या अवस्थेत इतका वेगळा आहे की त्याला सहज उतरता येत नाही, ते तासन्‌तास वर अडकून राहतं. उतरताना गॅमा किरण सोडतं, आणि उरतं ते साधं ९९. ते पुढे कधीतरी एक बीटा कण सोडून रुथेनियम-९९ होतं आणि तिथे गोष्ट संपते, कारण ते स्थिर आहे.

आता खरी अडखळण्याची जागा. 'दोन लाख वर्षं' वाचलं की मनात येतं, केवढा दीर्घकाळ किरणोत्सार! 'सहा तास' वाचलं की वाटतं, हे सौम्य असणार. नेमकं उलट आहे. अणू तेवढेच असतील तर ज्याचं अर्धायुष्य लहान त्याचा मारा जोरात, ज्याचं मोठं त्याचा मंद. ठरावीक पाणी भरलेल्या टाकीचा नळ पूर्ण सोडला तर ती लवकर रिकामी होते. थेंब थेंब गळत असेल तर वर्षानुवर्षं पुरते. टाकी किती काळ पुरते यावरून धार किती मोठी आहे ते कळतं, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात.

आकडे घालून बघू. मोठ्या माणसाच्या बोन स्कॅनला साधारण २० मिलिक्युरी देतात, म्हणजे ७४ कोटी बेक्वेरेल. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक केंद्रक, तेव्हा सेकंदाला ७४ कोटी केंद्रकं खाली उतरतात. सहा तासांच्या अर्धायुष्यावरून हिशेब केला तर त्या इंजेक्शनात ९९एमचे सुमारे २३ लाख कोटी अणू भरतात. ऐकायला अवाढव्य, पण वजन जेमतेम ४ नॅनोग्रॅम. चोवीस तासांत चार अर्धायुष्यं उलटतात आणि सोळावा हिस्सा उरतो. बराच भाग लघवीवाटे निघून जातो तो वेगळाच.

समजा, एकही अणू शरीराबाहेर गेला नाही आणि सगळे ९९ होऊन आतच बसले. तेच २३ लाख कोटी अणू आता २ लाख ११ हजार वर्षांत निम्मे व्हायचे आहेत. सेकंदाला किती फुटतील? दोन-अडीच. ७४ कोटींवरून अडीचवर! इंजेक्शनाबरोबर थोडं ९९ आधीपासून येतंच, ते धरलं तरी आकडा दहाच्या आसपास जातो, फार तर तीसेक. तुलनेसाठी सांगतो: प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगात नैसर्गिक पोटॅशियम-४० असतं, आणि त्याचे सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात, जन्मभर. त्या घाबरलेल्या व्यक्तीला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

यावरून '९९ म्हणजे किरकोळ' असा निष्कर्ष काढणारेही भेटतात, आणि तेही चूक. एक ग्रॅम ९९ घेतलं तर त्याची क्रियाशीलता सुमारे ६३ कोटी बेक्वेरेल भरते. म्हणजे ४ नॅनोग्रॅम ९९एमच्या बरोबरीला यायला ९९ ग्रॅमभराहून जास्त लागतं. दवाखान्यात ते ग्रॅमाने कधीच नसतं. अणुभट्टीत असतं. युरेनियम-२३५ची शंभर केंद्रकं फुटली की साधारण सहा वेळा ९९ वस्तुमानाची साखळी सुरू होते आणि शेवटी टेक्नेटियम-९९वर येऊन साचते. वापरलेल्या इंधनात ते किलोंच्या हिशेबात जमतं. शिवाय परटेक्नेटेट या रूपात ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही, भूजलाबरोबर वाहत जातं. ब्रिटनमधल्या सेलाफील्ड या अणुइंधन-प्रक्रिया केंद्राहून आयरिश समुद्रात सोडलेलं ९९ १९९४नंतर वाढलं, तेव्हा तिथल्या लॉब्स्टरांमध्ये ते साठलेलं आढळलं. अणुकचरा पुरणाऱ्यांना दोन लाख वर्षांची चिंता करावी लागते ती याची. स्कॅन झालेल्या माणसाला नाही.

'कृत्रिम मूलद्रव्य' या शब्दावरूनही वाद घालणारे असतात. आवर्तसारणीत ४३व्या जागेवर काहीतरी असणार हे मेंडेलीव्हने आधीच सांगितलं होतं. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये कार्लो पेरिये आणि एमिलियो सेग्रे यांना ते सापडलं, अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. त्यांच्या हाती लागलेली दोन रूपं ९५एम आणि ९७एम होती, म्हणजे या मूलद्रव्याची पहिली ओळखच 'एम'वाल्यांनी करून दिली. ९९एम पुढच्या वर्षी बर्कलीत सेग्रे आणि ग्लेन सीबॉर्ग यांना मिळालं. १९५२मध्ये पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेटियमच्या रेषा दिसल्या. युरेनियमच्या खनिजातही त्याचा लवलेश असतो. तरी वापरण्याजोगं सगळं टेक्नेटियम माणसानेच तयार केलेलं आहे, म्हणून 'कृत्रिम' म्हणायला माझी हरकत नाही.

एक फरक मात्र मुळीच नाही, आणि तो नसणंच रोजच्या कामात नडतं. रसायनशास्त्राला 'एम' दिसत नाही. दोघांचे इलेक्ट्रॉन सारखे, वागणं सारखं. दवाखान्यात ९९एम मिळतं ते जनरेटरमधून: अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ (अर्धायुष्य ६६ तास) धरून ठेवलेलं असतं, त्यातून टेक्नेटियम तयार होत राहतं आणि सलाइन सोडलं की तेवढंच धुऊन खाली येतं. गाईची धार काढावी तसं हे रोज सकाळी करतात, म्हणून त्याला मिल्किंग म्हणतात. आदल्या दिवशी धार काढली असेल तर आलेल्या टेक्नेटियमच्या अणूंपैकी सुमारे २८ टक्के ९९एम असतात, बाकीचे ९९. जनरेटर तीन दिवस तसाच राहिला तर ९९एम ८ टक्क्यांच्या आत येतं.

कॅमेऱ्याला त्या ९९चा पत्ताही लागत नाही, पण टेक्नेटियम ज्यात मिसळून औषध बनवतात त्या किटच्या बाटलीत, टेक्नेटियम औषधाशी जोडलं जावं म्हणून कथिल असतं, आणि ते ९९च्या अणूंवरही तितकंच खर्ची पडतं. कथिल अपुरं पडलं की काही ९९एम मोकळं राहतं आणि हाडांऐवजी थायरॉइड, जठर उजळलेलं चित्र येतं. म्हणून सुट्टीनंतरची पहिली धार बाजूला काढून दुसरीची वाट बघणं मला केव्हाही पसंत. मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनसाठीच्या एचएमपीएओ किटला तर गेल्या २४ तासांत धार काढलेल्याच जनरेटरचं टेक्नेटियम लागतं.