भूकंपोत्तर मानसिक पुनर्वसन (सोलापूर परिसर)

भूकंपातून वाचलेल्या माणसाची झोप, भीती, शोक आणि माणसांतला वावर हळूहळू ठिकाणावर येण्याची प्रक्रिया. सोलापूर परिसरात हा विषय मुख्यतः ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाशी जोडलेला आहे. गणेश विसर्जन उरकून गावे गाढ झोपली असताना पहाटे ३.५६ वाजता धक्का बसला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत ९,००० हून अधिक माणसे दगावली.

किल्लारीपासून सोलापूर सरळ रेषेत सुमारे ८० किमी. त्यामुळे अनेक जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले गेले. हाडे जुळली, जखमा भरल्या. पण सुटी मिळाल्यावर जायचे कुठे? अनेकांचे घर आणि घरातली माणसे एकाच वेळी गेली होती. अशा वॉर्डात सर्वांत अवघड काम असते ते प्लास्टरमध्ये जखडलेल्या आईला तिची मुले गेल्याचे सांगण्याचे. ते जवळच्या नातेवाइकाने, तिचा हात धरून आणि खोटी आशा न लावता करावे.

पहिले काही आठवडे दचकून जागे होणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे, बधिर वाटणे हा आजार नव्हे. महिना उलटूनही हे टिकले आणि रोजचे जगणे अडले, तर आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करतात. खेड्यातला माणूस बहुधा भीतीविषयी बोलत नाही; छातीत धडधडते, अंग जड पडते असे सांगतो. तपासणाऱ्याने तिथेच थांबून विचारायला हवे.

या भागातली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद (सपाट छप्पर) असलेली. तेच अंगावर आले. पुढे लहान धक्के चालूच राहिल्याने लोक अंगणात आणि पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. ज्याला छपराखाली डोळा लागत नाही, त्याची ‘घाबरू नका’ एवढ्याने समजूत पटत नाही. भिंत टिकेल हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे लागते. म्हणून घरांची दुरुस्ती हाही मनाचा उपचारच मानला पाहिजे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’, म्हणजे गावकरी आणि शासन यांच्यातला दुवा, म्हणून घरदुरुस्तीच्या कामात उतरवले. भिंतीच्या आरपार जाऊन तिच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारे दगड बसले का, हे बायका विचारू लागल्या, आणि नुसते मदतीची वाट पाहणे सुटले.

अनाथ व बाधित मुलांपैकी सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात नेले. मूल गमावलेल्या काही स्त्रियांनी नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. नव्या बाळाने घर पुन्हा भरते, हे खरे. पण गेलेल्या मुलाचा शोक वेगळाच राहतो आणि त्यालाही जागा द्यावी लागते.

घडलेले लगेच सविस्तर वदवून घेणे आता योग्य मानले जात नाही. आधी सुरक्षितता, अन्न, हरवलेल्यांचा शोध आणि ओळखीच्या माणसांचा सहवास. बोलायचे केव्हा, हे त्या व्यक्तीने ठरवायचे. त्रास टिकल्यास आघात-केंद्रित समुपदेशन (त्या घटनेच्या आठवणी व भीतीवर काम करणारे) व गरजेनुसार औषधे देतात. वर्षश्राद्धाच्या सुमारास जुनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात, त्यामुळे पाठपुरावा वर्षानुवर्षे लागतो. सध्या टेलिमानस या शासकीय दूरध्वनी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.