माध्यमिक शाळेतील गळती (पुणे शहर)

दहावी होण्याआधीच विद्यार्थ्याने शाळा सोडणे म्हणजे गळती. दहावीच्या निकालात ती दिसत नाही. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात; नववीत नाव काढलेला मुलगा त्या हिशेबात येतच नाही. समजा, आठवीत 100 मुले होती, दहावीला 75 बसली आणि 70 पास झाली, तर निकाल 93 टक्के लागतो आणि शाळेच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्सही लागतो. परीक्षेआधीच सुटलेले पंचवीस कोणाच्याच खाती नाहीत.

शिवाय निकाल परीक्षेच्या पद्धतीनुसार हलतो. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत (शाळेनेच द्यायचे) गुण बंद झाले, तेव्हा 2019 मध्ये तो 77.10 वर आला. ते पुन्हा सुरू होताच 2020 मध्ये 95.30 झाला. गरीब वस्तीतल्या मुलांचे दिवस काही दोन वर्षांत इतके पालटले नव्हते.

गळतीला मोठे वळण आठवीनंतर मिळते. 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच हमी देतो. त्यातच महापालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिक आहेत, माध्यमिक मोजक्याच. त्यामुळे ऐन वयात शाळा बदलावी लागते: दाखला काढा, नवा गणवेश घ्या, लांबची बस धरा. जनता वसाहत किंवा ताडीवाला रस्ता अशा पुण्यातल्या गरीब वस्तीतल्या घरात याच सुमारास मुलगा गॅरेजमध्ये नाहीतर केटरिंगच्या कामाला लागतो. मुलगी आईबरोबर धुण्याभांड्याला जाते किंवा धाकट्यांना सांभाळते. आधी आठवड्याला एखादा खाडा, मग दिवाळीनंतर येतच नाही. बांधकामावरच्या मजुरांची मुले तर साइट बदलली की शाळेला मुकतात; डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात अशा मुलांसाठी काम करते.

सुटलेल्यांसाठी दोन वाटा आहेत. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षा देता येते, पण शिकवायला कोणी नसते. रात्रशाळेत शिक्षक आणि वर्ग मिळतो. पुण्यात ही परंपरा जुनी: जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आजच्या वर्गात हॉटेलातला पोऱ्या, सुरक्षारक्षक आणि चाळिशीतली गृहिणी एकाच बाकावर दिसतात. दिवसभर उभे राहून आलेल्याला पहिल्या तासाला डुलकी लागते. शिक्षकही सहसा हाक मारत नाहीत.

महापालिका दहावी, बारावीच्या गुणवंतांना शिष्यवृत्ती देते आणि पालिका शाळा व रात्रशाळांच्या मुलांना गुणांची अट शिथिल असते. योजना चांगली आहे, पण पैसे दहावी झाल्यावर मिळतात. मुलगा सुटतो नववीत, बसपास आणि वह्यांच्या खर्चापाशी.