सॅफ्रन वॉल्डन
इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बाजाराचे जुने गाव. केंब्रिजच्या दक्षिणेस सु. २४ किमी. ‘सॅफ्रन’ म्हणजे केशर, आपण श्रीखंडात घालतो तेच. पीक येथून केव्हाच गेले, नाव तेवढे राहिले.

गावाला बाजार मिळाला तो राजकारणातून. सम्राज्ञी माटिल्डा आणि राजा स्टीफन यांच्या यादवीत जॉफ्री द मँडव्हिल हा सरदार आपल्या बाजूला राहावा म्हणून माटिल्डाने ११४१ मध्ये शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उठवून वॉल्डनला बसवण्याची मुभा दिली. न्यूपोर्टकरांना काय वाटले असेल ते असो. ११४३ मध्ये स्टीफनने जॉफ्रीला कैद केले. त्याच्या किल्ल्याचे आता चकमकीच्या दगडांचे पडके अवशेष दिसतात. बाजार मात्र टिकला. गावाला ‘चेपिंग वॉल्डन’ म्हणू लागले. चेपिंग म्हणजे बाजार. चौकालगतच्या अरुंद बोळांची बुचर रो, मर्सर्स रो ही नावे खाटिक आणि कापडवाल्यांची आठवण देतात. बाजारच्या दिवशी पडणारी पाले हळूहळू उठेनाशी झाली, त्यांची दुकाने आणि घरे बनली.

१६व्या-१७व्या शतकांत केशराने जुने नाव मागे सारले. यात्रेकरूने पोकळ काठीत दडवून कंद आणल्याची दंतकथा आहे. चुनखडीच्या, निचऱ्याच्या जमिनीत कंद उन्हाळ्यात लावत आणि शरदात फुले पहाटेच खुडत. एका फुलात काड्या तीनच, त्यामुळे मूठभर केशरासाठी पाकळ्यांचा ढीग पडे. तो पाण्यात टाकायला मनाई होती, मोडणाऱ्याला खोड्यात बसावे लागे. केशर कापड रंगवायला, औषधाला आणि स्वयंपाकात जाई. पिकवणाऱ्यांना ‘क्रोकर’ म्हणत. सेंट मेरी चर्चच्या कमानीवर केशराची फुले कोरलेली आहेत. याच चर्चमध्ये १६४७ मध्ये थकलेल्या पगारावरून चिडलेले, राजाविरुद्ध लढलेले पार्लमेंटचे सैन्य आणि पार्लमेंटचे प्रतिनिधी यांच्या वाटाघाटी झाल्या. या सैन्याचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेलही त्यासाठी आला होता.

१८व्या शतकाच्या अखेरीस केशर संपले. मजुरी फार, आणि बाहेरचे केशर स्वस्त. शेतकरी बार्लीकडे वळले, गाव मॉल्टवर, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर, जगू लागले. गिब्सन या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराण्याने बिअरची भट्टी आणि पेढी दोन्ही चालवल्या. गावातल्या अनेक सार्वजनिक कामांना त्यांचाच पैसा लागला. धान्याच्या सौद्यांसाठी १८४८ च्या सुमारास बांधलेल्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये आज ग्रंथालय आहे. रेल्वे १८६५ मध्ये आली, १९६४ मध्ये बंद झाली. चौकातला बाजार अजून मंगळवारी आणि शनिवारी भरतो.