वनमाणूस: उडी न मारणाऱ्या प्राण्याचं रान

गोव्यात ज्याला वनमाणूस म्हणतात तो माकडही नाही आणि माणूस तर नाहीच. मराठीत त्याला लाजवंती असंही नाव आहे. कानडीत तो ‘काडुपाप’, म्हणजे रानातलं बाळ. ओलसर नाक, खालच्या दातांचा कंगवा आणि मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटावरची अंग खाजवायची नखी, या खुणांमुळे तो माकडांपेक्षा मादागास्करच्या लेमूर या प्राण्याला जवळचा ठरतो. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये त्याला लेमूरमध्येच घातलं होतं. १७९६ मध्ये जोफ्रॉयने लोरिस ही प्रजाती वेगळी काढली आणि पश्चिम घाटातल्या मलबारी लोरिसला, म्हणजे याच वनमाणसाला, रॉटनने १९१७ मध्ये वेगळं नाव दिलं. वजन एखाद्या मानकुराद आंब्याएवढं, १८० ग्रॅमच्या आसपास.

त्याला शेपूट नाही आणि उडी मारता येत नाही. हातापायांची पकड मात्र चिमट्यासारखी. त्यांतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं असं, की तासन्‌तास एकाच फांदीला धरून राहिला तरी स्नायू थकत नाहीत. एक पकड पक्की झाल्याशिवाय तो दुसरी सोडत नाही. झाडांमधली जी फट वानर सहज ओलांडतो, तिथे याला जमिनीवर उतरावं लागतं.

गोव्यात अशा फटी पडत गेल्या त्या जुन्याच आहेत. ब्राझीलहून सोळाव्या शतकात आलेला काजू पुढे डोंगरउतारांवर पसरला. काजूच्या बागेत पडलेली बोंडं वेचायला दर हंगामाआधी खालची झुडपं नि वेली साफ करतात, आणि या प्राण्याचे पूल म्हणजे नेमक्या त्या वेली. १८८० च्या दशकात गोव्याच्या पूर्वेकडच्या मोलेच्या रानातून कर्नाटकातल्या कॅसलरॉककडे रेल्वे गेली. अनमोड घाटाचा रस्ता रुंदावत गेला. ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिनीला तर सुमारे ४६ मीटरचा मोकळा पट्टा लागतो! रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, पण जुना मार्ग आहेच.

रात्री शोधताना विजेरीला लाल कागद लावावा. पांढऱ्या झोताने तो डोळे मिटून तोंड फिरवतो आणि नोंद हुकते. डोळे नारिंगी-लाल चमकतात, जवळजवळ असतात, सावकाश सरकतात. झपाट्याने हलले तर बहुधा उदमांजर.

रस्त्यावर सापडला तर ओढू नये. पकड सुटत नाही आणि बोटं दुखावतात. समोर बोटाएवढी जाड काठी धरली की तो स्वतःच ती धरतो. ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या वेली असलेल्या झाडावर काठीसकट सोडावा, तोही अंधारातच. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापड नि फांदी ठेवून वनखात्याला कळवावं. केळं देऊ नये. लोक हटकून तेच देतात. त्याचं मुख्य खाणं मुंग्या, भुंगेरे आणि इतर किडे.