कार ॲम्प्लिफायर : जुळणी आणि दोषशोध

स्टिरिओकडून येणारा क्षीण संकेत वूफर-स्पीकर हलवण्याइतका ताकदवान करणारे हे उपकरण गाडीच्या डिकीत किंवा सीटखाली बसवतात. ‘ॲम्प गेला’ अशी तक्रार येते तेव्हा दोष पुष्कळदा गेनमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत असतो. म्हणून पेटी उघडणे हे शेवटचे काम.

गेनची खुंटी आवाज वाढवण्यासाठी नसते. स्टिरिओ किती व्होल्ट देतो आणि ॲम्पला किती हवेत, याचा मेळ ती घालते. गेन पूर्ण पिळला तरी ॲम्पची कमाल शक्ती तेवढीच राहते. फक्त ती स्टिरिओच्या पहिल्या काही पायऱ्यांतच गाठली जाते. पुढे तरंगाचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, स्पीकरमधली तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) तापून जळका वास येतो. बास बूस्ट चढवून ठेवला असेल तर हे आणखी लवकर होते.

जुळणीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आहेत ना ते पाहावे. स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून सोडाव्यात. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य, क्रॉसओव्हर (कोणते सूर पुढे जातील ते ठरवणारी कळ) ‘फुल’, गेन किमान. ४० पायऱ्यांचा स्टिरिओ ३० वर ठेवून ५० हर्ट्‌झचा, ० डेसिबलचा टोन लावावा; साधे मल्टिमीटर याच वारंवारतेच्या आसपास अचूक दाखवते, १ किलोहर्ट्‌झला त्यातली बरीच चुकतात. एसी व्होल्टवर लीड्स स्पीकर टर्मिनलला लावून ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. हा आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहम यांचे वर्गमूळ : ४ ओहमला ५० वॅटसाठी १४.१ व्होल्ट, १०० वॅटसाठी २०. २ ओहमला ३०० वॅटसाठी २४.५. मग सगळे बंद करून स्पीकर जोडावेत. दाराच्या स्पीकरना हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) आणि सबवूफरला लो-पास (फक्त खालचे जाऊ देणारा), दोन्ही ८० हर्ट्‌झच्या आसपास, ही चांगली सुरुवात आहे.

वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता-पेलता येणारे, धरावेत, आणि ॲम्प व स्पीकर यांपैकी ज्याचे कमी त्याचे. खोक्यावरचा ‘१२०० वॅट’ विसरावा. ॲम्पवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १३.८ व्होल्टला तो ४१४ वॅटच्या पलीकडे सतत खेचू शकत नाही. एबी वर्गाच्या (सर्किटचा एक रूढ प्रकार) ॲम्पमध्ये त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भागच स्पीकरपर्यंत पोचतो.

बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नव्हे, पत्र्याला घासून सोलली जाणारी वायर पेटू नये म्हणून. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो. घ्यायचीच तर एक माप जाड घ्यावी. अर्थिंगची वायर आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळावी. जोरात बास वाजत असताना ॲम्पचे ग्राउंड टर्मिनल आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थ कच्चा आहे.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी ‘कुंईऽऽ’ ऐकू आली की आरसीए (स्टिरिओकडून संकेत आणणारी वायर) ॲम्पवरून काढावी. आवाज थांबला तर दोष स्टिरिओच्या अर्थमध्ये किंवा आरसीएत. राहिला तर ॲम्पच्या पॉवर-अर्थमध्ये. आरसीए आणि पॉवर वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी.

ॲम्प चालूच होत नसेल तर पॉवर आणि रिमोट (स्टिरिओ लावताच ॲम्प चालू करणारी वायर) टर्मिनलवर १२ व्होल्ट येतात का ते ग्राउंडच्या संदर्भाने मोजावे. फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसतो, पण होल्डर ढिला पडलेला असतो. म्हणून फ्यूजच्या दोन्ही बाजूंना मोजणे बरे.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, उन्हात उभ्या बंद गाडीची डिकी तर भट्टीच. त्यात ॲम्पवर चादरी-टॉवेलचे गठ्ठे किंवा ज्वारीचे पोते टेकले की फिन्सना (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना) हवाच मिळत नाही. दुपारी ‘प्रोटेक्ट’ दिवा (ॲम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाल्याची खूण) लागतो आणि संध्याकाळी सगळे ठीक चालते, तेव्हा आधी उष्णतेवर संशय घ्यावा. फिन्सभोवती पाचेक सेंमी जागा मोकळी सोडावी. यंत्रमागांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाडीत कापसाची बारीक उडती धूळ फिन्समध्ये साचते, ती मऊ ब्रशने झाडावी. ट्रकच्या २४ व्होल्टवर १२ व्होल्टचा ॲम्प लावू नये. दोनपैकी एकाच बॅटरीवरून तो घेतल्यास ती बॅटरी सतत अपुरी चार्ज होते आणि दुसरी जास्त.

थंड गाडीतही ‘प्रोटेक्ट’ लागत असेल तर आधी स्पीकर सोडावेत. दिवा गेला तर एखादी वायर दाराच्या बिजागरीत चिरडून बॉडीला लागली आहे, कॉइल शॉर्ट आहे किंवा ॲम्पला झेपत नाही इतका कमी ओहम जोडला आहे. नाही गेला तर आरसीए काढून पाहावी. नुसत्या पॉवर, ग्राउंड आणि रिमोटवरही दिवा कायम राहिला तर बिघाड आत आहे. बहुधा एखादा आउटपुट किंवा पॉवर सप्लायचा मॉसफेट (मोठा प्रवाह हाताळणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असतो. समांतर जोडलेल्या गटातला एकच बदलू नये, सगळे, त्यांच्या गेट टोकाला जोडलेल्या रेझिस्टरसह बदलावेत, नाहीतर नवा लगेच जातो. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी थेट बॅटरीवर न करता पॉवर वायरीत १२ व्होल्ट, ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये घालून करावी : स्पीकर न जोडता बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे.