अवशिष्ट क्लोरीन

पाणी निर्जंतुक करण्यासाठी घातलेला क्लोरीन जंतू, सेंद्रिय मळ, लोह, अमोनिया यांवर खर्च होतो. तो खर्च भागल्यावर पाण्यात जो उरतो, त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो किमान ०.५ लागतो. दुसरा स्रोतच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. महाराष्ट्रात पालिकेचा व्हॉल्व्हमन असो की ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, अवशिष्ट क्लोरीनच्या तपासणीला सगळे ‘ओटी’ म्हणतात, ती ज्या ऑर्थोटोलिडिन रसायनाने करतात त्यावरून. पिवळा रंग आला तर ओटी पॉझिटिव्ह, न आला तर निगेटिव्ह. रोगाच्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की धास्ती वाटते, इथे मात्र तीच चांगली बातमी असते.

क्लोरीनची मागणी

समजा लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन घातला आणि अर्ध्या तासाने ०.४ उरला. मग त्या पाण्याची मागणी १.६ मिलिग्रॅम. हा आकडा पाण्यापाण्यात वेगळा असतो आणि त्याच धरणाच्या पाण्याचाही ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात बसवलेली मात्रा जुलैच्या गढूळ पाण्याला पुरत नाही. शिवाय गढूळपणाच्या कणांआड जंतू लपतात, त्यामुळे चाचणीत क्लोरीन दिसला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. म्हणून तुरटी, निवळण आणि वाळूगाळणी यांनी गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) आत आणायचा आणि मगच क्लोरीन द्यायचा. गाळणीतली कसूर क्लोरीन वाढवून भरून काढायची सवय अनेक केंद्रांत दिसते. ती महाग पडते आणि फसवीही ठरते.

मात्रेइतकाच वेळ महत्त्वाचा. क्लोरीन मिसळल्यानंतर पाणी किमान अर्धा तास टाकीत राहिले पाहिजे. पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर तेवढाही वेळ अपुरा पडतो. पाण्यात गेलेल्या क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन तयार होतात. जंतू मारण्यात आम्ल कितीतरी पटींनी प्रभावी असते. सामू ७.५ च्या आसपास दोघांचे प्रमाण निम्मे निम्मे असते, त्यापुढे आम्ल झपाट्याने घटते. चाचणी दोन्ही मिळून एकच आकडा दाखवते, त्यामुळे सामू न पाहता वाचलेला क्लोरीन अर्धवटच वाचलेला असतो.

मुक्त आणि संयुक्त

पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइने बनतात. हा संयुक्त क्लोरीन. तो टिकतो, पण जंतू मारायला मुक्त क्लोरीनपेक्षा फार जास्त वेळ घेतो. क्लोरीन वाढवत नेला की एका टप्प्यानंतर क्लोरामाइने मोडतात आणि उरलेला क्लोरीन उतरतो. त्या तळाच्या बिंदूनंतर घातलेला क्लोरीन मुक्त स्वरूपात साचू लागतो. या बिंदूला खंडनबिंदू म्हणतात. अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या सुमारे ७.६ पट क्लोरीन सैद्धांतिकदृष्ट्या तिथवर लागतो, प्रत्यक्षात ८ ते १० पट धरतात. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो अशी तक्रार आली की मात्रा कमी करण्याचा मोह होतो. पण तो वास पुष्कळदा डाय- आणि ट्रायक्लोरामाइनचा असतो. मात्रा खंडनबिंदूपर्यंत पोचत नसल्याची ती खूण असते, आणि कमी केली तर परिस्थिती आणखी बिघडते.

नळपाण्यात अमोनिया अचानक दिसू लागला तर सर्वांत आधी संशय मैलापाण्याचा घ्यावा. म्हणून एकूण क्लोरीन ठीक पण मुक्त क्लोरीन शून्य, हा निकाल ‘क्लोरीन आहे’ या सदरात टाकून चालत नाही.

ओटी आणि डीपीडी

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेले. १ मिलिलिटर पाण्याला ०.१ मिलिलिटर या प्रमाणात ते घालतात आणि आलेला पिवळा रंग तुलनापेटीतल्या प्रमाणित रंगांशी ताडतात. या चाचणीचा सगळा जीव घड्याळात आहे. मुक्त क्लोरीन लगेच रंग देतो, संयुक्त क्लोरीन रेंगाळत देतो. १० सेकंदांच्या आत वाचलेला आकडा मुक्त क्लोरीनचा, १५-२० मिनिटांनी वाचलेला दोहोंच्या बेरजेचा. नळी हातात धरून गप्पा झाल्यावर वहीत ‘०.५’ लिहिले गेले तर त्यात मुक्त क्लोरीन किती होता हे कुणालाच सांगता येत नाही. उशिरा चढणारा पिवळेपणा हीच खरे तर धोक्याची सूचना असते, आणि नेमकी तीच ‘पॉझिटिव्ह’ म्हणून नोंदली जाते. लोह, मँगॅनीज आणि नायट्राइट यांनीही पिवळी छटा येते. बोअरवेलचे लोहयुक्त पाणी क्लोरीन न घालताही कधी ‘पॉझिटिव्ह’ दिसते ते यामुळे.

ऑर्थोटोलिडिन विषारी असून कर्करोगकारक मानले जाते. अमेरिकेतील पाणीतपासणीच्या प्रमाण पद्धतींच्या संहितेतून ते १९७०च्या दशकातच वगळले गेले. आपल्याकडे ते टिकले, कारण ते स्वस्त आहे आणि पिवळा रंग कुणालाही ओळखता येतो. वापरताना हाताला लागू देऊ नये. तपासलेले पाणी पुन्हा टाकीत ओतू नये आणि त्याची चव तर कधीच घेऊ नये.

याला पर्याय डीपीडी, म्हणजे क्लोरीनने गुलाबी होणारे दुसरे रसायन. ही पद्धत इंग्लंडमधील रसायनज्ञ पॅलिन यांनी १९५७ मध्ये मांडली. १० मिलिलिटर पाण्यात डीपीडीची १ क्रमांकाची गोळी चुरून टाकायची. मुक्त क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो, तो मिनिटाच्या आत वाचायचा. त्याच नळीत ३ क्रमांकाची गोळी टाकली की एकूण क्लोरीन मिळतो. दोन्हींतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. इथल्या चुका वेगळ्या. नळी नीट न धुता पुढच्या नमुन्याला वापरली तर ३ क्रमांकाच्या गोळीचा अंश राहतो आणि मुक्त क्लोरीन खोटा वाढतो. अंगठ्याने नळीचे तोंड दाबून हलवले तर घाम आणि मळ थोडा क्लोरीन खातात. आणि क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटता उमटताच उडून जातो, पाणी स्वच्छ दिसते आणि नोंद शून्याची होते. टीसीएल (विरंजक चूर्ण) नुकतीच टाकलेल्या टाकीचा नमुना ‘निगेटिव्ह’ आला तर तोच नमुना क्लोरीनविरहित पाण्याने दहा पट पातळ करून पुन्हा तपासावा.

नमुना कुठला, कधीचा

जलशुद्धीकरण केंद्राच्या दाराशी क्लोरीन नेहमीच छान असतो. प्रश्न जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाचा आहे. नमुना थेट वाहिनीवरच्या नळाचा घ्यावा, गच्चीवरच्या टाकीचा नव्हे. टाकीतला क्लोरीन ऊन, गाळ आणि मुरलेला वेळ यांनी उतरतो, तो दोष इमारतीचा असतो. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा आणि चाचणी तिथेच करावी. बाटलीत भरून कार्यालयात नेलेल्या पाण्यातला क्लोरीन वाटेत कमी होतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेतच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत तेच घरोघर पोचते. त्यामुळे शेवटच्या टोकाला एक नमुना पाणी सुटताच आणि दुसरा काही मिनिटांनी घेतला तर बरेच कळते. एका गल्लीत ०.४ आणि पुढच्या गल्लीत शून्य आले तर मधल्या पट्ट्यात गळती किंवा गटाराशी जवळीक शोधावी. सगळीकडेच हळूहळू उतरत गेलेला क्लोरीन मात्र जुन्या गंजक्या नळांचा किंवा अपुऱ्या मात्रेचा असतो. एका नमुन्यावरून हा फरक कळत नाही. नकाशावर आकडे मांडले की कळतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या शौच-नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि त्या भागातल्या पाण्यात क्लोरीन किती हा प्रश्न एकदम घरोघरचा झाला. हा जिवाणू मुक्त क्लोरीनपुढे टिकत नाही.

टीसीएलचा हिशेब

मोठ्या शहरांत क्लोरीन वायू ९०० किलोच्या टाक्यांतून येतो. त्यांना कामगार ‘टनर’ म्हणतात. लहान योजनांत विरंजक चूर्ण, म्हणजे सर्वांच्या तोंडची टीसीएल पावडर वापरतात. ताज्या चुर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले, दमट जागी ठेवले की तो उतरत जातो. १ लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ३३ टक्क्यांच्या पावडरीने ते काम सुमारे ६०० ग्रॅममध्ये होते. पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर पूर्ण किलो लागतो. वहीत वर्षभर ‘६०० ग्रॅम’च लिहिलेले आढळले, तर पोत्याचा विचार झालेला नाही असे समजावे.

पावडर कोरडी टाकीत फेकू नये. बादलीत पाण्यात कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ घालावे. साका टाकीत गेला तर पाणी पांढरट होते आणि द्रावण थेंबथेंब सोडणारी ठिबक नळी वारंवार तुंबते.

विहिरीसाठी व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून ३.१४ × व्यास × व्यास × खोली ÷ ४ असा हिशेब करतात. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर धरली तर सुमारे ९४ ग्रॅम. पण ही सरासरी मात्रा झाली. नेमकी मागणी हॉरॉक्स पेटीने काढता येते. ती ब्रिटिश सैन्यातील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाची. काळ्या पेल्यात २ ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालायचे. तपासायच्या पाण्याने भरलेल्या सहा पांढऱ्या पेल्यांत या निवळीचे अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहापर्यंत थेंब टाकायचे, ढवळायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग येतो, त्याच्या क्रमांकाइतके चमचे ४५५ लिटरला लागतात. तिसरा पेला निळा झाला तर ६ ग्रॅम.

घरगुती विहिरीसाठी नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन) संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत बसवली. आतल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो जाडसर वाळू किंचित ओलवून भरतात, ते बाहेरच्या मडक्यात ठेवतात आणि दोन्हींच्या भोकांतून क्लोरीन झिरपत राहतो. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या विहिरीला ते दोन ते तीन आठवडे पुरते.

जिवाणू तपासणीशी नाते

ओटीचा निकाल सेकंदात मिळतो, जिवाणूंचा दिवसात. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात एकूण कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय हे दूषितपणाची खूण असलेले जिवाणू आढळताच कामा नयेत. नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात आणि तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट असते. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेला नळापेक्षा शुद्ध पाणी मिळते. बाटली तोंडापर्यंत भरत नाहीत, बर्फपेटीतून नेतात आणि शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत तपासणीला लावतात. गावपातळीवर एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली वापरतात. ही पद्धत संशोधक के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. पाणी भरून कोमट जागी ठेवले की दूषित पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते.

जे ओटीत दिसत नाही

क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या कोष्ठांना नेहमीच्या मात्रेतला क्लोरीन काही करू शकत नाही, तिथे गाळणीच हवी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही विहिरींतले फ्लोराइड, शेतीपट्ट्यातले नायट्रेट आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातले क्षार यांचा ओटीशी काहीही संबंध नाही. मानकात फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम असून पर्याय नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे. नायट्रेटची ४५, तिला सूट नाही. यांसाठी रासायनिक तपासणीच करावी लागते. उलट, सेंद्रिय मळ जास्त असलेल्या पाण्यात क्लोरीन ओतत गेल्यास क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेने तयार होतात. मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे. क्लोरीन थांबवून हा प्रश्न सुटत नाही, आधी मळ कमी करावा लागतो.

घरातल्या कोळशाच्या किंवा आरओ गाळणीतून आलेल्या पाण्यात ओटी निगेटिव्हच येते, कारण कोळसा क्लोरीन काढून टाकतो. पालिकेच्या पाण्याची तक्रार नोंदवायची असेल तर नमुना गाळणीच्या आधीच्या नळाचा घ्यावा, आणि गाळलेले पाणी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवू नये.